मुठेकाठी माणसं बघायला : झेड ब्रिज नको, ओंकारेश्वराकडे या

नदीकाठी निवांत बसून येणारी-जाणारी माणसं न्याहाळायची म्हटलं की पुण्यात पहिलं नाव निघतं झेड ब्रिजचं. कागदोपत्री काकासाहेब गाडगीळ पूल. संध्याकाळी कठड्याला खेटून दुचाक्यांची रांग आणि त्यांवर नदीकडे तोंड करून बसलेली जोडपी. बघणाऱ्याला दिसतात त्या पाठी आणि नंबरप्लेटी. शिवाय तिथे एकटाच रेंगाळणारा माणूस सगळ्यांना खटकतो, आणि ते रास्तच आहे. वाऱ्यासाठी पूल झकास. माणसं बघण्यासाठी पाचात दोन गुण.

साडेचार गुणांची जागा थोडी पुढे, नदीच्या वाहत्या अंगाला : बालगंधर्व रंगमंदिराशेजारचा शिंदे पूल आणि पलीकडचा ओंकारेश्वराच्या देवळाचा काठ. इथे कुणी खास बसायला येत नाही, सगळे आपापल्या कामाला निघालेले असतात. त्यामुळे चेहरे दिसतात, चाली दिसतात. दुपारचा प्रयोग सुटल्यावर पुलाकडे वळलेली मंडळी तर चुकवू नयेच. काकू दोन पावलं पुढे, काका मागे, आणि चर्चा अशी : "दुसरा अंक उगाच ओढलाय." "तुम्ही झोपला होतात." नाटकाचं परीक्षण म्हणून हे पुरेसं आहे.

बसताना उन्हाचा हिशोब करा. मुठेच्या या टप्प्यात पेठा पूर्वेच्या अंगाला, डेक्कन पश्चिमेच्या. सकाळी पेठेच्या काठावर बसलात तर सूर्य पाठीशी राहतो आणि समोरची माणसं स्वच्छ दिसतात. संध्याकाळी त्याच जागी डोळ्यांवर ऊन येतं, मग बालगंधर्वची बाजू बरी. एप्रिल-मे महिन्यांत घाटाचा दगड सूर्य मावळल्यावरही तापलेला असतो, म्हणून वर्तमानपत्राची जाड घडी किंवा छोटी सतरंजी हवीच.

एक पथ्य मात्र पाळायचं. ओंकारेश्वराच्या घाटावर सकाळी दहाव्याचे विधी चालतात. पिंड ठेवून घरचे लोक कावळ्याची वाट बघत उभे असतात. शिवायला उशीर झाला की कुणीतरी हलक्या आवाजात गेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवतं. तो प्रसंग बघत बसण्याचा नाही, फोन काढण्याचा तर नाहीच. अशा वेळी सरळ पुलावर जावं.

नदीपात्रातल्या रस्त्याचं काय? ऑफिसच्या वेळेत तो निव्वळ दुचाक्यांचा शॉर्टकट असतो. रविवारी सकाळी आठच्या आत ठीक.

आता वासाबद्दल. पावसाळा सोडला तर खडकवासल्यातून नदीत फारसं पाणी येत नाही, पात्रात उरतं ते बहुतेक सांडपाणी. म्हणून उन्हाळ्यात, वारा पडला की, बसवत नाही. डासांचा जोर सूर्यास्ताच्या आसपास असतो : साचलेलं पाणी आणि जलपर्णी, दोन्ही त्यांच्या सोयीची. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, क्रीम घरूनच लावून निघा आणि अंधार पडायच्या आत उठा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस त्यातल्या त्यात सुखाचे.

पण हंगाम खरा जुलै-ऑगस्टचा. धरणातून विसर्ग वाढला की सखल भिडे पूल लवकर पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि अर्धं पुणं उंच पुलांवर पाणी बघायला जमतं. आपण पाण्याकडे पाठ करायची. प्रत्येक घोळक्यात एक आजोबा सापडतातच, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं तेव्हा, पाणी कुठवर आलं होतं ते हात वर करून दाखवणारे. दर दहा फुटांवर ती पातळी बदलते. बघायचं ते पुलाच्या पदपथावरूनच. पोलिसांनी हला म्हटलं की हलायचं, आणि घाटाच्या पायऱ्या त्या दिवसांत वर्ज्य. पाणी ओसरल्यावरही गाळ वाळेपर्यंत त्यांवर पाय ठरत नाही.

गाडी पावसाळ्यात पात्रात लावू नका. विसर्गाची सूचना तुमच्या फोनवर येईल तेव्हा तुम्ही पुलावर गप्पा ऐकत असाल. मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरलात तर बालगंधर्व पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहे.