कागद १७५० जीटीव्हीचे, गाडी १३०० ज्युनियरची: ६२,८९० युरोंची फसवणूक

जुनी अल्फा रोमिओ घ्यायच्या विचारात असाल, त्यातही १०५ मालिकेतली बर्तोने कूपे (इटलीतल्या बर्तोने कंपनीने आखलेली दोन दारांची गाडी), तर इसार देण्याआधी हे पूर्ण वाचा. १९६८ची १७५० जीटीव्ही म्हणून आम्हा दोघा भागीदारांच्या गळ्यात जी गाडी मारली, ती १७५० नाहीच. ती १९७० नंतरची जीटी १३०० ज्युनियर आहे. भंगारात गेलेल्या १७५०चा चासी नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून तिच्यात बसवलाय, आणि बॉनेटखाली इंजिन आहे ते १६००चं. गाडी इटलीतली, विक्रेता इटलीतला, कागद अस्सल. फक्त कागद एका गाडीचे आणि गाडी भलतीच.

ही पद्धत माहितगारांना नवी नाही. गाडी केव्हाच कापून सुटे भाग म्हणून विकली जाते, पण तिची नोंद जिवंत ठेवतात. मग त्या नोंदीला साजेशी दुसरी, स्वस्तातली गाडी शोधायची. १०५ कूपेत हे फार सोपं जातं, कारण ज्युनियर, १६००, १७५० आणि २००० या सगळ्यांचा सांगाडा एकच. सुरुवातीच्या ज्युनियरला बॉनेटच्या पुढच्या कडेला पायरी असायची, १७५०ला ती कधीच नव्हती. पण १९७०पासून ज्युनियरचंही नाक सपाट झालं. तिथून पुढची ज्युनियर घ्या, दोन दिव्यांची जाळी काढून चार दिव्यांची लावा, १४ इंची चाकं चढवा, १७५०चा डॅशबोर्ड आणि सीटा बसवा. दहा फुटांवरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. दोन फुटांवरून कळायला हवा, आणि तोच मुद्दा आमच्या जिव्हारी लागलाय.

पेडल! क्लच आणि ब्रेकची पेडल समोर, डोळ्यांदेखत लोंबत होती. डाव्या स्टिअरिंगच्या १९६८च्या १७५०मध्ये ही पेडल खालून, जमिनीला बिजागरी असलेली असतात. वरून लटकणारी पेडल आणि दुहेरी सर्किटचे, म्हणजे दोन स्वतंत्र तेलवाहिन्यांचे, ब्रेक १९७०च्या सुमारास, दुसऱ्या आवृत्तीबरोबर आले. आम्ही तिथल्या तिथे विचारलं. विक्रेता क्षणभरही अडखळला नाही: "सुरक्षेसाठी बदलून घेतलीत, जुना एकेरी सर्किट फुटला तर ब्रेकच राहत नाही." हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे. एकेरी सर्किट हा त्या गाडीचा खरा धोका आहे आणि जाणते लोक तो बदल खरोखर करतात. हे ऐकून कोणीही मान डोलावली असती. पण बदल खरा असेल तर जुन्या पेडलची भोकं जमिनीच्या पत्र्यात राहतात, नाहीतर त्यांवर ठिगळ दिसतं. कार्पेटचा कोपरा उचलला असता तर खाली कारखान्यातून आलेला अखंड पत्रा दिसला असता, आणि सगळं बिंग तिथेच फुटलं असतं. कार्पेट मात्र नव्या गोंदाने पक्कं चिकटवलेलं होतं. नवं कार्पेट उचलू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

आता चासी नंबर. १०५ मालिकेत तो इंजिनकप्प्यातल्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या, पत्र्यात ठोकलेला असतो, सोबत टाइप क्रमांक. डाव्या स्टिअरिंगच्या १७५० जीटीव्हीचा टाइप १०५.४४, १३०० ज्युनियरचा १०५.३०, २०००चा १०५.२१. हे पाठ करून जा. आम्ही पाठ करूनच गेलो होतो. १०५.४४ स्वच्छ वाचता येत होतं, आकड्यांची ओळ सरळ, खोली एकसारखी, ग्राइंडरचा ओरखडा कुठेही नाही. असणारच नाही, कारण आकडे कारखान्यातच ठोकलेले होते. बनावट होता तो त्यांच्याभोवतीचा जोड. समोरून तो घासून, लेप भरून, रंगवून नाहीसा केलेला. त्यामुळे नुसते आकडे भिंगाखाली तपासून भागत नाही. रंगाची जाडी मोजणारं यंत्र फायरवॉलवर सगळीकडे फिरवा. आमच्या गाडीत इतरत्र १०० ते १३० मायक्रॉन आणि नंबराभोवती तळहाताएवढ्या चौकोनाच्या कडांवर ३८०च्या वर. दारांवर, छतावर यंत्र सगळेच लावतात. फायरवॉलवर कोणी लावत नाही, आणि या लोकांना हे चांगलं माहीत आहे.

खात्री करायची तर आतून बघा. ग्लोव्हबॉक्स काढायचा आणि फायरवॉलला आतून लावलेलं डांबरी अस्तर हीट गनने गरम करून सोलायचं. आमच्याकडे अस्तर निघालं तेव्हा मागे वेल्डिंगची कच्ची शिवण चारही बाजूंनी जशीच्या तशी होती, घासायचेही कष्ट घेतले नव्हते. चौकोनाच्या आत पांढरा रंग, बाहेर सगळीकडे पिवळा. कंपनीच्या संग्रहातून मिळणाऱ्या मूळ प्रमाणपत्रात या नंबरची गाडी ब्यांको स्पिनो, म्हणजे पांढरी, लिहिलेली आहे. भोवतालचा पिवळा जाल्लो ओक्रा, तोही अल्फाचाच रंग, पण वेगळ्याच गाडीचा.

अरेझे इथल्या अल्फाच्या ऐतिहासिक संग्रहातल्या नोंदींवरून मिळणारं ते मूळ प्रमाणपत्र खोटं नव्हतं. त्यावर गाडी कधी बनली, कोणत्या रंगात, कधी आणि कुठे विकली गेली हे असतं. ऑटोमोटोक्लब स्तोरिको इतालियानो, म्हणजे एएसआय, या जुन्या गाड्यांच्या संस्थेचं ऐतिहासिक महत्त्वाचं प्रमाणपत्रही खरंच होतं. पण असे कागद नंबराबद्दल बोलतात. त्या नंबराखाली कोणता पत्रा आहे याची हमी त्यांतला एकही देत नाही. फायलीची जाडी बघून भुलू नका. फाईल जितकी जाड, तितका रंग दाराच्या रबरखाली, डिकीतल्या स्पेअर चाकाच्या खड्ड्यात, हीटरच्या डब्यामागे आणि दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखाली तपासा. प्रमाणपत्रातला मूळ रंग या चारही ठिकाणी सापडलाच पाहिजे.

एक कागद मात्र खरोखर उपयोगी आहे आणि तोच आम्हाला दाखवला नाही. इटलीच्या वाहन नोंदणीत नंबर प्लेटवरून दोन प्रकारचे उतारे मिळतात. साध्या उताऱ्यात, म्हणजे 'व्हिझुरा'त, आजचा मालक आणि गाडीवरचा बोजा. 'एस्त्रात्तो क्रोनोलोजिको'त पहिल्यापासूनच्या मालकांची साखळी. विक्रेत्याने व्हिझुरा पुढे केला: बोजा नाही, मालक तोच, सगळं स्वच्छ. साखळीचा उतारा आम्ही नंतर काढला. १९८३पासून एकच मालक, आणि मग शेवटच्या सहा महिन्यांत लागोपाठ दोन हस्तांतरणं. दशकानुदशकं झोपलेली नोंद अशी अचानक जागी झाली असेल तर इसार देऊ नका, मग कारणं कितीही गोड असोत.

इंजिनाची गोष्ट वेगळी. क्रमांकात १७५०चा संकेत ००५४८ दिसत होता, पण ब्लॉकच्या त्या जागी ओतकामाचा खरखरीतपणा नव्हता, पृष्ठभाग गुळगुळीत होता. हे बॅटरीच्या उजेडात दिसत नाही, बोट फिरवल्यावर कळतं. पुढची तपासणी कोणत्याही गॅरेजात दहा मिनिटांत होते. स्पार्क प्लग काढा, भोकातून बारीक लाकडी काडी पिस्टनवर टेकवा, गाडी चौथ्या गियरमध्ये हळू ढकलून इंजिन फिरवा आणि काडी कुठून कुठपर्यंत खालीवर होते त्याच्या खुणा करा. भोक थोडं तिरकं असल्याने एखाद-दुसरा मिलीमीटर इकडेतिकडे होईल, पण १३००चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा खालीवर प्रवास, ७५, १६००चा ८२ आणि १७५०चा ८८.५ मिलीमीटर आहे, इतक्या फरकात गफलत होत नाही. आमची काडी ८२च्या आसपास थांबली. लक्षात ठेवा, १७५० आणि २००० या दोन्हींचा स्ट्रोक ८८.५च आहे. त्यांतला फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, ८० आणि ८४, तो काडीने कळणार नाही. काडी धातूची घेऊ नका, भोकात तिरकी अडकली तर पिस्टन नाहीतर भोकाचे आटे जातील.

बाकी आजार १०५ मालिकेचे नेहमीचेच निघाले. दाराखालच्या पट्ट्या थरांच्या असतात आणि आतून कुजतात. आमच्या गाडीत कुजका थर तसाच ठेवून वरून नवा पत्रा चढवला होता. जॅक लावायच्या जागा पुट्टीने उभ्या केलेल्या. दुसऱ्या गियरला थंडपणी कुरकुर, म्हणजे सिंक्रो (गियर अलगद पडू देणारी कडी) गेलेला. रेडिएटरच्या टोपणाखाली कॉफीच्या रंगाचा साय, म्हणजे हेड गॅस्केटमधल्या तेलवाटांच्या रबरी रिंगा गेल्या आणि तेल पाण्यात उतरतंय. चाचणीच्या वेळी इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं. गरम इंजिन दाखवलं तर परत फिरा, सकाळी थंड बघायला या, आणि टोपण स्वतःच्या हाताने उघडा.

आता पैसे, एकेक करून. ठरलेली किंमत ५७,५०० युरो. इसार ५,००० बँकेतून. ४४,५०० बँकेच्या धनादेशाने. उरलेले ८,००० "सुट्या भागांचे" म्हणून दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यात, वेगळ्या पावतीवर. त्यामुळे करारात किंमत दिसते ४९,५०० आणि त्या ८,०००शी आपला काही संबंध नाही असं विक्रेता आज सांगतो. खरेदीआधीची तपासणी ३८० युरो. तो तपासनीस विक्रेत्यानेच सुचवलेला होता आणि त्याच्या अहवालात फायरवॉलबद्दल एक ओळ नाही. ट्रेलर ६४०, हस्तांतरण ७२०. बिंग फुटल्यावर स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल १,४५० आणि वकील आजवर २,२००. एकूण ६२,८९०. तपासनीस स्वतः शोधा. सगळी रक्कम एकाच खात्यात, एकाच करारावर द्या. जो दुसरं खातं पुढे करतो तो पुढच्या खटल्याची तयारी आधीच करत असतो.

करारात 'विस्ता ए पियाचूता', पाहिली आणि पसंत पडली, असं कलम होतं. ते सगळ्याच जुन्या गाड्यांच्या करारात असतं, त्यावर सही केली म्हणून कोणी आम्हाला अडाणी ठरवू नये. शिवाय ते कलम गंजाला लागू पडेल, भलतीच गाडी देण्याला नाही. ठरली त्याहून वेगळीच वस्तू देणं इटालियन कायद्यात साध्या दोषापेक्षा वेगळं धरतात. दोषाची तक्रार विक्रेत्याकडे तो कळल्यापासून ८ दिवसांत करावी लागते आणि दावा गाडी ताब्यात मिळाल्यापासून एका वर्षात. 'वेगळीच वस्तू' म्हटलं की ही बंधनं लागत नाहीत, मुदत दहा वर्षांची. वकिलाकडे पहिल्याच भेटीत हा शब्दप्रयोग करा: 'आलिउद प्रो आलियो'. आमच्या पहिल्या वकिलाने तो उच्चारलाही नाही.

आणि आता यंत्रणा. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा. फायरवॉलचे फोटो टेबलावर ठेवले तर अधिकाऱ्याने बघितलेही नाहीत. नोंदणीच्या खिडकीवर उत्तर मिळालं, नंबर आमच्याकडे आहे, बोजा नाही, म्हणजे गाडी बरोबर आहे. तोच नंबर दुसऱ्या गाडीवर वेल्ड केलाय हे सांगितल्यावर म्हणाले, ते पोलिसांना सांगा. गाडीची सक्तीची नियतकालिक तपासणी ज्या केंद्राने पास केली होती त्यांनी हात वर केले: आम्ही ब्रेक, दिवे, धूर बघतो, नंबर नुसता वाचतो. एकमेकांकडे बोट दाखवण्यापलीकडे कोणी काही केलं नाही. या टोलवाटोलवीत मुदत मात्र पळत होती. फसवणुकीच्या गुन्ह्यात फिर्याद, म्हणजे 'क्वेरेला', प्रकार कळल्यापासून तीन महिन्यांत द्यावी लागते, आणि हे त्या पहिल्या ठाण्यात आम्हाला कोणी सांगितलं नाही! नंतर कळलं की फिर्याद लेखी दिली तर ती घ्यावीच लागते. तोंडी विचारायला जाऊ नका. तज्ज्ञाचा अहवाल जोडून, लिहून, पोच घेऊनच या.

दुसऱ्या ठाण्यात फिर्याद घेतली, आणि पहिली कारवाई झाली ती आमच्यावर. गाडी पुरावा म्हणून सील झाली. ती चालवता येत नाही, विकता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, सुटे भागही काढता येत नाहीत. विक्रेत्याकडे अजून कोणी चौकशीलाही गेलेलं नाही. ज्याने तक्रार केली त्याची गाडी बंद आणि ज्याने पत्रा कापून जोडला त्याचं दुकान उघडं. हे लिहितानाही हात थरथरतो.

म्हणून अस्तर सोलायचं, काडी घालायची, फोटो काढायचे, ते सगळं गाडी सील होण्याआधी करा आणि फोटोत नंबर आणि वेल्डिंगची शिवण एकाच चौकटीत येऊ द्या. नंतर कोणी हात लावू देत नाही. त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात लागली आहे, यावेळी २००० जीटीव्ही, १०५.२१, "पन्नास वर्षं एकाच घरात". फोटो बारा आहेत. फायरवॉलचा एकही नाही.