बारेसी आधी की माल्दिनी?

फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळणाऱ्या मुलाला जुन्या इटालियन बचावपटूंचा खेळ दाखवायचं ठरवलं की गाडी दोन नावांपाशी येऊन अडते. फ्रान्को बारेसी आणि पाओलो माल्दिनी. दोघं एसी मिलानचे, दोघांनी दुसऱ्या कुठल्याही क्लबचा शर्ट अंगावर घातला नाही, दोघं कर्णधार, आणि 1985 ते 1997 दोघं एकाच संघात. म्हणून बरेच जण ‘दोघंही बघा’ असं सांगून मोकळे होतात. शाळा, क्लास आणि सराव यांतून आठवड्याला जेमतेम एक सामना बघायला मिळणाऱ्या पोराला या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. आधी कोणाला घ्यायचं हे तो कुठल्या जागी खेळतो आणि नव्वद मिनिटं एका जागी बसायची त्याची तयारी आहे का, यावर ठरवावं. माझं मत आधीच सांगून टाकतो: सेंटर बॅकनं, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्यानं, बारेसी, बाकी सगळ्यांनी माल्दिनी.

आकडे मात्र सरळ माल्दिनीकडे ओढतात. मिलानसाठी 902 सामने, त्यातले 647 सेरी आ या इटलीच्या पहिल्या श्रेणीतले. इटलीकडून 126. पाच युरोपियन कप (म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग), सात लीग विजेतेपदं. बारेसीच्या नावावर मिलानचे 719 सामने, इटलीचे 81, तीन युरोपियन कप आणि सहा लीग विजेतेपदं. शिवाय त्या तीन कपांपैकी एकाची फायनल त्याला निलंबनामुळे खेळताच आली नाही. कागदावर एवढंच बघितलं तर वाद संपला. पण हे आकडे कोणत्या परिस्थितीत जमले, ते कागदावर दिसत नाही.

बारेसीचा जन्म 1960 चा, ब्रेशाजवळच्या त्राव्हाल्यातो गावचा. तो किशोरवयात असतानाच आई-वडील गेले. थोरला भाऊ जुझेप्पे याला मिलान शहरातल्याच दुसऱ्या क्लबनं, इंटरनं, घेतलं. फ्रान्कोला मात्र अंगानं फारच किरकोळ म्हणून परत पाठवलं. तो शेजारच्या मिलानमध्ये गेला आणि पुढे मिलान शहराच्या डर्बीत दोघं सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहू लागले. एप्रिल 1978 मध्ये, सतराव्या वर्षी, वेरोनाविरुद्ध तो पहिल्या संघात खेळला आणि पुढच्याच मोसमात लीग विजेता झाला. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे.

मग 1980 मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात मिलानला शिक्षा म्हणून सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, ढकललं गेलं. संघ वर्षभरात परत आला आणि 1982 मध्ये पुन्हा घसरला, या वेळी निव्वळ खराब खेळामुळे. मधल्या काळात रक्तातल्या संसर्गामुळे बारेसी कित्येक महिने मैदानाबाहेर होता. त्याच 1982 च्या उन्हाळ्यात इटलीनं स्पेनमध्ये विश्वचषक जिंकला. बारेसी त्या संघात होता, पण एक मिनिटही खेळला नाही. विश्वविजेत्या संघातला हा बावीस वर्षांचा पोरगा घरी परतला तो दुसऱ्या श्रेणीत खेळायला आणि तिथे मिलाननं त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली. 1986 च्या विश्वचषकासाठी तर त्याची निवडच झाली नाही. म्हणजे खेळाडू ऐन भरात येतो त्या वयातली त्याची बरीच वर्षं अशी गेली. माल्दिनीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

माल्दिनीची अडचण वेगळी होती. त्याचे वडील चेझारे माल्दिनी 1963 मध्ये वेम्बलीवर मिलाननं पहिला युरोपियन कप जिंकला तेव्हाचे कर्णधार. त्याच क्लबात, त्याच आडनावानं, बचावपटू म्हणून उतरायचं, तर पहिल्या चुकीला लोक काय म्हणणार हे सांगायला नको. जानेवारी 1985 मध्ये उदिनेला प्रशिक्षक लीडहोल्म यांनी त्याला बदली खेळाडू म्हणून आत पाठवलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढे 2003 मध्ये, वडिलांनंतर बरोबर चाळीस वर्षांनी, ओल्ड ट्रॅफर्डवर त्यानं तोच कप कर्णधार म्हणून उचलला. मधे 1998 च्या विश्वचषकात वडील इटलीचे प्रशिक्षक आणि मुलगा कर्णधार अशीही वेळ येऊन गेली. वशिल्याची कुजबुज सुरू व्हायला तरी जागा हवी ना, ती त्यानं मैदानावर ठेवली नाही.

आता खेळाकडे येऊ, कारण निवड त्यावरच व्हायची आहे.

बारेसीची उंची 1.76 मीटर. सेंटर बॅकसाठी आज कुठलीही अकादमी नाक मुरडेल अशी. सुरुवातीला तो स्वीपर होता, म्हणजे बचावफळीच्या मागे राहून निसटलेलं सगळं झाडून काढणारा. 1987 मध्ये प्रशिक्षक म्हणून अरिगो साक्की आले आणि त्यांनी ही मागची जागाच रद्द केली. चौघांची सरळ रांग, ती वर सरकलेली, आणि शेवटच्या बचावपटूपासून पुढच्या आघाडीपटूपर्यंत साधारण 25 मीटरच्या पट्ट्यात अख्खा संघ. ही रांग कधी वर जाणार आणि कधी मागे येणार, हे बारेसी ठरवायचा. म्हणून त्याचा खेळ बघताना चेंडूकडे बघून काही हाती लागत नाही. प्रतिस्पर्ध्याचा मध्यरक्षक पास द्यायला मान वर करतो, त्या क्षणी बारेसी कुठे आहे आणि पुढच्या दोन पावलांत कुठे जातो, ते बघायचं. तो एक हात वर करून पुढे सरकतो आणि बाकीचे तिघं मागे न बघता त्याच्याबरोबर सरकतात.

साक्की एक गोष्ट सांगत. सरावात एका बाजूला गोलरक्षक आणि चार बचावपटू: तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दिनी. दुसऱ्या बाजूला गुलिट आणि व्हॅन बास्टनसह दहा जण. दहा जणांना पंधरा मिनिटं द्यायची. चेंडू गेला की त्यांनी पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात करायची. गोल झाला नाही. कोणत्याही प्रशिक्षकाला उद्या सकाळी करून बघता येईल असा हा सराव आहे. खर्च शून्य. आपल्याकडे गोल होणार हे गृहीत धरा, पण का झाला हे मुलांना लगेच कळेल.

माल्दिनी 1.86 मीटर उंच, चपळ, आणि मुळात उजव्या पायाचा. तरी कारकीर्दीचा मोठा भाग तो डावीकडे खेळला, कारण दोन्ही पाय सारखे चालवायला तो शिकला. त्याचा खेळ एकास एक लढतीत दिसतो. समोर विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा, चेंडू घेऊन येतोय, माल्दिनी अर्धवट वळलेला, त्याला बाहेरच्या रेषेकडे नेतोय, घाई करत नाही आणि पाय टाकतो तेव्हा चेंडू त्याच्याकडे असतो. दोन मिनिटांच्या क्लिपमध्येही हे कळतं. बारेसीच्या क्लिपांमध्ये मात्र फक्त शेवटचं टॅकल दिसतं आणि त्याच्या आधीची वीस सेकंदं कापलेली असतात. मूल क्लिपाच बघणार असेल तर बारेसीच्या नादी लागू नये. तो एक धसमुसळा, ठेंगणा बचावपटू होता एवढाच समज होईल.

माल्दिनीचा दुसरा गुण वय वाढेल तसा दिसत गेला. 2003 ची फायनल तो नेस्ताच्या शेजारी सेंटर बॅक म्हणून खेळला. 2005 मध्ये इस्तंबूलला, सदतिसाव्या वाढदिवसाला महिना उरला असताना, पुन्हा लेफ्ट बॅक, म्हणजे बचावाच्या डाव्या कडेला, आणि पहिल्याच मिनिटात गोलही त्याचाच. (तीन गोलांची आघाडी घालवून मिलान तो सामना लिव्हरपूलकडून पेनल्टीवर हरला, हा भाग वेगळा.) 2007 मध्ये अथेन्सला पुन्हा सेंटर बॅक, आणि कप. आपली जागा कोणती हे अजून ठरलेलं नाही अशा चौदा-पंधरा वर्षांच्या खेळाडूसाठी याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

दोघांना शेजारी ठेवून बघायचं असेल तर 1994 हे एकच वर्ष पुरतं. त्या मोसमात प्रशिक्षक कापेल्लोंच्या मिलाननं लीगचे 34 सामने खेळून फक्त 15 गोल खाल्ले. 18 मे रोजी अथेन्सला चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर क्रॉइफ यांचं बार्सिलोना, रोमारिओ आणि स्टोइचकॉव्हसह. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही निलंबित. बचावफळीचा मधला भागच गेलेला. कापेल्लोंनी माल्दिनीला डावीकडून मध्ये आणलं, शेजारी फिलिप्पो गाल्ली, आणि मिलान 4-0 नं जिंकलं. बारेसीशिवाय माल्दिनी काय करू शकतो, याचं उत्तर तिथे मिळतं.

बारेसीचं उत्तर दोन महिन्यांनी मिळालं, अमेरिकेतल्या विश्वचषकात. 23 जूनला नॉर्वेविरुद्ध त्याच्या गुडघ्यातला मेनिस्कस फाटला. शस्त्रक्रिया झाली. स्पर्धा त्याच्यापुरती संपली असंच सगळ्यांनी धरलं होतं. माल्दिनी मध्ये सरकला, कर्णधारही झाला, इटली धडपडत फायनलला पोचली. तिथे कोस्ताकुर्ता पिवळ्या कार्डांमुळे बाहेर. आणि 17 जुलैला, पासाडेनाच्या भर उन्हात, शस्त्रक्रियेला महिनाही झालेला नसताना चौतीस वर्षांचा बारेसी ब्राझीलविरुद्ध उतरला. शेजारी माल्दिनी. 120 मिनिटं रोमारिओ आणि बेबेतो यांना गोल मिळाला नाही.

मग पेनल्टी. इटलीची पहिली बारेसीनं घेतली आणि चेंडू बारवरून गेला. जगाला रॉबर्टो बॅजिओची शेवटची पेनल्टी आठवते. पहिली चुकलेली बारेसीची होती. चार वर्षांपूर्वी नेपल्समध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या सेमीफायनलला इटलीची पहिली पेनल्टी त्यानंच मारली होती आणि ती आत गेली होती, तरी इटली हरलीच. मला त्या फायनलचे पहिले 120 मिनिटं एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त मोलाची वाटतात. लोक नेमकं तेवढंच वगळून पुढे जातात.

बारेसीचा ऑफसाइडचा सापळा, म्हणजे रांग ऐन वेळी पुढे सरकवून समोरच्या आघाडीपटूला बचावपटूंच्या मागे, नियमाबाहेर पकडणं, आज जसाच्या तसा उचलू नये, हे मात्र मुलाला सांगावं लागेल. 1990 पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडूही ऑफसाइड धरला जायचा, नंतर तो नियम बदलला. चेंडूशी थेट संबंध न येणाऱ्या खेळाडूकडे पंच पुढे जास्तच काणाडोळा करू लागले. नुसता हात वर करून रेषेवरच्या पंचाला पटवायचे दिवस व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायच्या पद्धतीनं, संपवले. 1992 पर्यंत गोलरक्षक सहकाऱ्यानं पायानं दिलेला चेंडू हातात घेऊ शकत होता. 1989 चे सामने बघताना मुलं हमखास ‘अरे, हे कसं चालतं?’ म्हणून विचारतात. आणि मागून घातलेल्या ज्या टॅकलना तेव्हा ताकीद मिळायची, त्यांना आता सरळ लाल कार्ड मिळेल. माल्दिनी याबाबतीत कमी जुना वाटतो. तो 2009 पर्यंत खेळला, त्यातले बरेच बदल त्यानं स्वतः पचवले.

कर्णधार म्हणून निवड करायची तर मला बारेसी जवळचा वाटतो, पण इथे लोकांचं बघून ठरवू नये. 24 मे 2009 ला सान सिरोवर माल्दिनीचा शेवटचा घरचा सामना, रोमाविरुद्ध. पंचवीस वर्षं क्लबसाठी खेळलेल्या माणसाला मिलानच्या कट्टर चाहत्यांच्या एका गटानं निषेधाचे फलक दाखवले, बारेसीचा सहा नंबरचा प्रचंड शर्ट उलगडला आणि कर्णधार एकच, अशी आरोळी दिली. भांडण जुनं होतं, त्या गटाला माल्दिनीनं कधी डोक्यावर बसू दिलं नव्हतं. बारेसीचं नाव त्यात काठी म्हणून वापरलं गेलं. पुढच्या आठवड्यात फ्लोरेन्सला, परक्या मैदानावर, फिओरेन्तिनाच्या प्रेक्षकांनी त्याला उभं राहून टाळ्या दिल्या. क्लबनं दोघांचेही नंबर निवृत्त केले, सहा आणि तीन. तीन नंबर पुन्हा घालायची सवलत फक्त माल्दिनीच्या मुलांसाठी.

गोव्यातल्या वाचकांसाठी जाता जाता: माल्दिनीच्या शेजारी खेळलेला नेस्ता 2014 मध्ये चेन्नईयिनकडून इंडियन सुपर लीगमध्ये उतरला होता, आणि पुढच्या वर्षी फातोर्ड्यावर एफसी गोवाला हरवणाऱ्या चेन्नईयिनचा प्रशिक्षक मातेराझी, तोही इटलीचा बचावपटूच. तेव्हा हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही.

आता सामने. सेंटर बॅक असेल तर पहिला सामना 19 एप्रिल 1989 चा, मिलान 5, रेआल माद्रिद 0. गोल बघू नका. माद्रिदकडे चेंडू असताना मिलानची रांग बघा. दुसरा, 1994 च्या विश्वचषकाची फायनल, पेनल्टीआधी बंद केली तरी चालेल. फुल बॅक, म्हणजे बचावाच्या कडेला खेळणारा, असेल किंवा जागा ठरलेली नसेल, तर 1994 ची अथेन्सची फायनल आणि 2005 चं इस्तंबूल, दोन्हीत फक्त माल्दिनीवर नजर ठेवून. 2003 ची फायनल शेवटी ठेवा. युव्हेंटसविरुद्धच्या त्या सामन्यात 120 मिनिटांत एकही गोल नाही, दहा वर्षांचं पोर अर्ध्या तासात उठून जाईल. सोळाव्या वर्षी बचाव मनापासून आवडायला लागला असेल तर मात्र जागचं हलणार नाही.