खाऱ्या वाऱ्यात अडकलेला ऑईल फिल्टर आणि तीन पायांचा पाना: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझ्याकडे रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर 650 मोटारसायकल आहे, राहतो रत्नागिरीत, आणि ऑईल-फिल्टर घरीच बदलतो. या गाडीचा फिल्टर डब्याच्या आकाराचा, फिरवून बसवायचा. तो इंजिनच्या पुढच्या अंगाला, दोन सायलेन्सर पाईपांच्या मध्ये असतो, म्हणजे पुढच्या चाकाच्या अगदी मागे. चाकाने उडवलेलं सगळं आधी त्याच्यावर येतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला ये-जा असेल तर समुद्राचा खार आणि जांभ्याची लाल माती मिळून फिल्टरवर एक थर बसतो. हा चिखल लवकर सुकत नाही. खडीने रंगाचा टवका उडाला की त्या जागी मिठाचं पाणी धरून राहतं आणि पत्रा गंजायला लागतो. पुण्यातल्या मित्राची हीच गाडी आहे. त्याचा फिल्टर वर्षभराने काढला तरी चकचकीत निघतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात त्याच्या कडेला पापुद्रे सुटतात.

म्हणून तीन पायांचा फिल्टर पाना घेतला, सहाशेच्या आसपास पडला. मे महिन्यात आणला, आता दिवाळी होऊन गेली. माझ्या गाडीबरोबर शेजारपाजारच्या गाड्यांवरही तो चालवून झाला आहे, त्यामुळे आता खात्रीने लिहितो.

आधी एक गोष्ट, कारण बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. फिल्टर अडकला की लोक त्याच्या इंजिनकडच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारतात आणि तासभर वाट बघतात. त्याने काही होत नाही. फिल्टरचे आटे आतल्या बाजूला, कायम ऑईलमध्ये असतात. ते गंजत नाहीत. धरून ठेवतं ते बाहेरचं रबर. बसवताना त्या रबराला ऑईल लावलं नसेल, किंवा कोणी पान्याने गच्च आवळला असेल, तर इंजिनच्या उष्णतेने ते रबर धातूला चिकटून बसतं. बाहेरचा गंज वेगळं नुकसान करतो, तो पकड घालवतो. उलट स्प्रे मारल्याने डबा बुळबुळीत होतो आणि होती ती पकडही जाते. डब्यावरचा ओशटपणा ब्रेक क्लीनरने (ओशट काढणारा, लगेच सुकणारा स्प्रे) पुसून कोरडा करणं हेच खरं काम.

वाटीसारखा कॅप पाना माझ्याकडे आधीपासून होता. चांगल्या स्थितीतल्या फिल्टरला त्याच्यासारखा पाना नाही, आणि मी आजही आधी तोच लावून बघतो. पण तो फिल्टरच्या टोकाच्या कंगोऱ्यांवर बसतो. कंगोरे गंजून झिजले की वाटी नुसती गरगर फिरते. पट्ट्याच्या पान्याची अडचण वेगळी. पाईपांच्या मध्ये दांडा फिरवायला जागा नाही, आणि पट्टा ओलसर डब्यावर घसरतो. ज्या कारचा फिल्टर मोकळ्या जागेत असतो तिला तो ठीक.

तीन पायांच्या पान्यात मधल्या चौकोनी भोकात रॅचेट (एकाच दिशेने जोर देणारा दांडा) लावायचं. ते फिरवलं की आतले दाते तिन्ही पाय मधे ओढतात, पाय डब्याला भिडतात, आणि जितका जोर लावाल तितकी मिठी घट्ट होते. पाय बसल्यावर आधी पत्रा थोडा दबतो, तीन जागी खळगे पडतात. इथे घाबरून थांबू नका. जोर एकसारखा ठेवला की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि रबर सुटतं. पुढे फिल्टर हाताने निघतो. पाय मात्र डब्याच्या बुडाकडे, कडेच्या जवळ बसले पाहिजेत, तिथे पत्रा कमी दबतो. टोकाशी धरला तर डबा पिळवटतो.

मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलेलं आता मी नियमाने करतो. “थंड इंजिनावर कशाला झोंबी घेतोस? जरा तापव, रबर मऊ पडू दे.” इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करून ऑईल पूर्ण गळू द्यायचं. तेवढ्यात पाईप हात लावण्याइतके निवतात, फिल्टर मात्र अजून कोमट असतो. हँडल एका बाजूला वळवलं की चाक सरकून समोर जागा होते. गाडीच्या पुढ्यात बसून, फिल्टरच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. गाडीच्या बाजूने वाकून हात घातला की दिशा चुकते आणि फिल्टर आणखी आवळला जातो, हे मी दोन ओळखीच्या गॅरेजांत पाहिलं आहे.

स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याचा प्रकार करू नका. गंजलेला पत्रा कापडासारखा फाटतो, बूड तसंच इंजिनवर राहतं, आणि गाडी तिथेच अडकते.

फिल्टर निघाल्यावर पहिलं बघायचं ते जुनं रबर त्याच्याबरोबर आलं का. चिकटलेला फिल्टर निघताना ते कधीकधी इंजिनच्या बाजूलाच राहतं. त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबरं एकावर एक येतात आणि इंजिन चालू होताच दाबाने ऑईल बाहेर फेकलं जातं, ते थेट मागच्या टायरच्या वाटेत. बोट फिरवून जागा साफ लागली की मगच नवा लावा. नव्याच्या रबराला ताजं ऑईल चोळा, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा, पुढे साधारण पाऊण फेरी, तीही हातानेच. या पान्याने फिल्टर कधीही आवळू नका, नवा डबा पहिल्याच दिवशी चेपेल.

आता पान्याच्या उणिवा. पायांवरचा काळा मुलामा पहिल्या पावसातच गेला आणि सांध्यांना तांबूस गंज धरला. आता ऑईलच्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवतो, तेव्हा बरा राहतो. एका पायाला किंचित ढिलेपणा आला आहे, पकडीत अजून फरक नाही. माझा पाना साधारण 60 ते 100 मिलिमीटर व्यासाचे डबे धरतो. मोटारसायकल आणि छोट्या पेट्रोल कारला पुरतो, मच्छीमार बोटीच्या डिझेल इंजिनाच्या मोठ्या फिल्टरवर तो उघडतच नाही. त्यासाठी साखळीचा पाना घ्यावा.

निघालेलं काळं ऑईल पऱ्यात (ओढ्यात) किंवा परसात ओतू नका. जांभा सच्छिद्र असतो, खाली झिरपलेलं विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. घातक कचऱ्याबद्दलच्या 2016च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेलं ऑईल त्यातच मोडतं. मी जुन्या कॅनमध्ये साठवून गोळा करणाऱ्या गॅरेजला देतो. फिल्टरही रात्रभर पालथा घालून निथळवायचा, आत बरंच ऑईल उरतं.

फिल्टर अजून चकचकीत असेल तर कॅप पाना पुरे. गाडी किनाऱ्यावर उघड्यावर उभी राहत असेल तर हा घ्या, आणि शक्यतो पावसाळा लागण्याआधी एकदा फिल्टर सोडवून रबराला ऑईल लावून घ्या. त्यासाठी ऑईल बदलण्याची वेळ थोडी अलीकडे आणावी लागली तरी चालेल.