टू-लिटर म्हणून १.८ गळ्यात मारलं: सेकंडहँड इंजिनात गेलेले माझे साडेतीन लाख

टर्बो गाडी आहे, रीमॅप मारलाय (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय), इंजिन गेलंय आणि आता दुसरं शोधताय? मग कोणालाही बुकिंगचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ३,५१,४०० रुपये गेले. गाडी गॅरेजमध्ये धूळ खात उभी आहे. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही. बायकोला ‘दोन-सव्वादोन लाख’ एवढंच माहीत आहे आणि तेवढ्यावरच जे ऐकायला लागलं ते पुरे झालं.

गाडी २०११ ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, म्हणजे १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. स्टेज टू रीमॅप, मोठा डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), आणि मूळच्या छोट्या टर्बोच्या जागी के-०४ हा मोठा टर्बो. खंबाटकी चढताना तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंग लँड, म्हणजे दोन रिंगांच्या खाचांमधली कड, तुटली. खालच्या आरपीएमला भरपूर बूस्ट (टर्बोचा दाब) आणि टाकीत कुठलं तरी हलकं पेट्रोल, मग नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, होणारच. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर इतके ओरखडे की नख अडकत होतं. इथवर कोणाची तक्रार नाही, या खेळात हे होतं.

पर्याय तीन होते. जुनंच इंजिन फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टन आणि रॉड घालून नव्याने बांधायचं, त्याचं कोटेशन ३,४०,००० आणि वर पार्ट बाहेरून यायची वाट. दुसरा, साधं वापरलेलं १.८ टाकायचं. तिसरा, त्याच जनरेशनचं २.० टीएसआय. त्याच्यावर माझा के-०४, माझा डाउनपाइप, माझे माउंट सगळं जसंच्या तसं बसतं आणि टर्बो लवकर फिरायला लागतो. पुढच्या जनरेशनचं इंजिन विचारातच नव्हतं, कारण त्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या आतच ओतलेला असतो, जुना टर्बो त्याला लागतच नाही. म्हणजे मी काही न वाचता, न विचारता उडी मारली असं कोणी म्हणू नये. या इंजिनाबद्दल जे वाचण्यासारखं आहे ते मी वाचलेलं होतं.

विक्रेता ठाणे जिल्ह्यात गोदाम असलेला. शारजाहून हाफ कट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या गाड्या, येतात म्हणाला. ‘४२,००० किलोमीटर, ॲक्सिडेंट गाडी, मागून ठोकलेली, इंजिनला धक्का नाही.’ किंमत २,६५,०००. गोड बोलणं, प्रत्येक मेसेजला पाच मिनिटांत उत्तर, आणि मला प्रश्न फार विचारले त्याने. टर्बो कुठला, मॅप कोणाचा, आरसीवर काय लिहिलंय. मला वाटलं माणूस जाणकार आहे. आता कळतं की तो गिऱ्हाईक तोलत होता. ज्याची गाडी आधीच नियमाबाहेर बदललेली आहे, तो पोलिसांत जाताना दहा वेळा विचार करणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता तो व्हिडिओ कॉल. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

इंजिन लाल स्टँडवर, मागे निळा पिंप. त्याने क्रँकला पाना लावून इंजिन फिरवलं. मग एक कॉइल आणि प्लग काढून भोकात लांब स्क्रूड्रायव्हर सोडला आणि पिस्टनबरोबर तो कसा वरखाली होतो ते दाखवलं. माझ्या डोळ्यांसमोर! या जनरेशनच्या १.८ आणि २.० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) एकच, ८२.५ मिलिमीटर. फरक फक्त स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरखाली जातो त्या अंतराचा. १.८ ला सुमारे ८४, २.० ला ९२.८. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळी भावंडं, पण तो स्क्रूड्रायव्हर नेमका तोच फरक मोजत होता आणि मी ‘व्वा, स्मूथ फिरतंय’ म्हणत बसलो. शेजारी बसलेला मित्र हळूच म्हणाला, ‘त्याला पट्टी लावून स्ट्रोक दाखवायला सांग ना.’ मी सांगितलं. सांगितलं होतं मी! त्यावर तो हसून म्हणाला, ‘भाई, भरोसा नहीं है तो मत लो, दूसरी पार्टी खडी है.’ आणि मी गप्प बसलो. का? कारण महिनोन्महिने गाडीशिवाय काढलेले, आणि त्याचं दर दुसरं वाक्य ‘आज बुकिंग नाही तर उद्या माल गेला’ हेच होतं. माझ्या जागी कोणीही गप्प बसला असता. आठ-नऊ मिलिमीटर. शाळेतली पट्टी पुरली असती.

त्याच कॉलवर इंजिन नंबर मागितला, तर त्याने वरच्या चेन कव्हरवरचं स्टिकर दाखवलं. स्टिकर उचकटून दुसरीकडे लावता येतं हो. खरा नंबर ठोकलेला असतो ब्लॉकवर, गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कडेला. तिथे ग्रीस होतं. ‘साफ करके भेजेंगे.’

कॉम्प्रेशनचाही (सिलिंडरमधल्या दाबाच्या टेस्टचा) व्हिडिओ आला, चारही सिलिंडर छान एकसारखे. याबद्दल नंतर ज्या मेकॅनिकने डोळे उघडले त्याने सांगितलेलं इथे देतो, कारण हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. कॉम्प्रेशन गेजमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. बटण दाबून काटा शून्यावर आणलेला दिसला नाही, तर तो आकडा कुठल्याही इंजिनाचा असू शकतो. आणि सिलिंडरमध्ये आधी थोडं ऑइल सोडलं की घासलेल्या रिंगासुद्धा काही वेळ तरण्या दिसतात. व्हिडिओ अखंड हवा, काटा शून्यापासून दिसायला हवा, आणि जमत असेल तर लीक-डाउन (हवा भरून गळती मोजायची टेस्ट) मागा.

पैसे असे गेले: ५०,००० बुकिंग यूपीआयने, १,९०,००० माल लोड व्हायच्या आधी बँकेतून, २५,००० मालाची गाडी दारात आल्यावर ड्रायव्हरच्या फोनवरून विक्रेत्यालाच. ट्रान्सपोर्ट ९,८००. फिटिंगची मजुरी ३५,०००. गॅसकेट, टायमिंग चेनचा सेट, नवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा), ऑइल, कूलंट मिळून ४१,६००. बेरीज करून बघा. नव्याने बांधलं असतं तर ११,४०० रुपये कमी लागले असते आणि पिस्टन फोर्ज्ड मिळाले असते.

इंजिन आलं तेव्हा बोल्टांवर पिवळ्या रंगाचे ठिपके. ‘सील तोडलं तर ३० दिवसांची स्टार्टिंग वॉरंटी गेली.’ ही चलाखी ओळखायला शिका. आत काय आहे ते तुम्ही बघूच नये म्हणून ती वॉरंटी असते. माझ्या मेकॅनिकनेही इंजिन हाताने फिरवून बघितलं, ठीक म्हणाला, बसवलं. त्याला दोष देत नाही. देतो थोडा. गिअरबॉक्स जोडताना नंबरची जागा त्याच्या नाकासमोर होती.

गाडी सुरू झाली. ट्यूनरने, म्हणजे रीमॅप करणाऱ्याने, टू-लिटरची फाइल टाकली आणि लॉग (सेन्सरचे आकडे) बघत कपाळाला आठ्या घातल्या. हवेचा आकडा कमी, फ्युएलिंग जुळत नाही, बूस्ट पूर्वीइतकाच उशिरा. ‘साहेब, हे टू-लिटर वाटत नाही.’ विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला मॅप चुकीचा आहे. तोवर हजार किलोमीटरच्या आत लिटरभर ऑइल पिऊन झालेलं आणि मागे निळा धूर. शेवटी ट्यूनरने प्लग काढून बारीक प्लास्टिकची नळी सोडली, खूण केली, मोजली. ८४. मी पुन्हा मोजायला लावलं. ८४. गिअरबॉक्स खाली घेऊन ब्लॉकची कड पुसली, तर नंबर ग्राइंडरने घासलेला. नुसतं १.८ असतं तरी रडून गप्प बसलो असतो. घासलेल्या नंबराचं इंजिन म्हणजे ते कुठल्या चोरीच्या गाडीतलं आहे कोण जाणे, आणि ते आता माझ्या नावावरच्या गाडीत!

विक्रेत्याने त्या दिवसापासून फोन उचलला नाही. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर ‘रद्द’. हे पैसे देण्याआधी एका मिनिटात फुकट बघता येतं. बघा.

आणि मग सुरू झाली खरी वरात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नंबर मिळाला, पुढे काही नाही, कारण पैसे जाऊन बरेच दिवस झालेले. हा नंबर पहिल्या काही तासांतच उपयोगाचा, खात्यातली रक्कम गोठवता आली तर तेव्हाच येते. बँक म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही.’ पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, ‘गोदाम आमच्या हद्दीत आहे का?’ नाही. ‘मग तिकडे जा.’ तिकडे गेलो. ‘व्यवहार ऑनलाइन तुमच्या घरून झाला ना? मग तिकडे जा.’ झीरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेली आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो तक्रार घ्यावीच लागते, हे मी छापून नेलं होतं. समोरच्या साहेबांनी कागद हातात न घेता सांगितलं, ‘हे सिव्हिल मॅटर आहे.’ एका वस्तूचे पैसे घेऊन दुसरी वस्तू, तीही नंबर घासलेली, द्यायची, आणि हे सिव्हिल? फसवणुकीचं जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८(४) झालंय, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी म्हटलं, निदान हे इंजिन चोरीचं असू शकतं एवढं तरी नोंदवून घ्या. तेव्हा मात्र साहेब जागे झाले आणि माझी आरसी मागितली! ‘१.८ च्या गाडीत टू-लिटर टाकणार होता? मग आधी तुमच्यावरच केस होईल.’

माहीत आहे. लिहिणाऱ्यांनी लिहू नका, मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसीवर जे आहे त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड भरायला मी तयार असताना माझी तक्रारच न घेणं हे कुठल्या कलमात बसतं? दरोडा पडलेल्या माणसाला ‘तुमच्या घराला वाढीव बांधकाम आहे’ म्हणून हाकलता का? आरटीओत तर त्याहून मजा. इंजिन बदलल्याची नोंद करायची तर बिल पाहिजे, बिलावरचा जीएसटी रद्द, म्हणून बिल चालत नाही. नंबर घासलेला, म्हणून पोलिसांचा कागद आणा. पोलीस कागद देत नाहीत. खिडकीवरच्या बाईंनी शेवटी विचारलं, ‘मग तुम्ही घेतलंतच कशाला?’ हा प्रश्न घरीही विचारला जातो, तिथे निदान चहा मिळतो.

आता केलंय ते असं. पोलिसांनी नकार दिल्यावर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे, त्याच सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली. पोच जपून ठेवली आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. पहिली नोटीस ‘या पत्त्यावर राहत नाही’ शेरा मारून परत आली. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी विक्रेत्याचा खरा पत्ता, आधार नाही तर निदान भाडेकरार, काहीतरी मिळवा. आयातीचा माल म्हणत असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री मागा. ‘भाई, वो सीए के पास है’ म्हणाला की उठा.

शक्य असेल तर स्वतः जा. कुर्ल्याला जा, दिल्लीला मायापुरीला जा, पण उभं राहून इंजिन बघा. प्लग काढून स्ट्रोक मोजा, बोरोस्कोप (आत सोडायचा बारीक कॅमेरा) घाला, ब्लॉकवरचा नंबर स्वतः पुसून फोटो काढा आणि तो फोटो बिलावरच्या नंबराशी जुळवा. खालच्या टायमिंग कव्हरला एक छोटं झाकण असतं, त्यातून टेन्शनर जुना आहे की सुधारित ते दिसतं. आणि आपल्या गाडीत काय काय बदललंय हे विक्रेत्याला सांगत बसू नका. त्याला ‘स्टॉक गाडी’, म्हणजे काही न बदललेली, एवढंच सांगा.

तुम्हाला कोणी लाल स्टँडवरच्या इंजिनाचा, मागे निळा पिंप आणि प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर असलेला व्हिडिओ पाठवला, तर बुकिंग देऊ नका आणि तो नंबर मला कळवा. आयोगापुढे एकाच्या जागी दोन तक्रारदार उभे राहिले तर मला हवेच आहेत.