समुपदेशन: व्हिडिओवर की नुसत्या फोनवर?

मावसबहीण डोंबिवलीच्या वन-बीएचकेत राहते, घरात सासू-सासरे आणि मुलं. तिचा प्रश्न: थेरपी व्हिडिओवर घेऊ की फोनवर?

एकांताच्या बाबतीत फोन सरळ जिंकतो. इअरफोन लावून सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारत बोलता येतं, बघणाऱ्याला वाटतं ऑफिसचा कॉल. व्हिडिओला दार लावावं लागतं, आणि दार लावलं की "काय चाललंय गं?" आलंच. फोनवर रडूही लपतं. पण गोम तिथेच आहे. भरलेले डोळे थेरपिस्टला दिसत नाहीत. तुम्ही गप्प झालात तर विचार करताय की रेंज गेली, हेही कळत नाही. व्हिडिओत स्वतःचाच चेहरा बघून अवघडायला होतं, तो आपल्या स्क्रीनवरून लपवायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, जरूर वापरा.

व्हिडिओची आणि फोनची फी बऱ्याच ठिकाणी सारखीच, तरी आधी विचारून घ्या. टेलि-मानस (१४४१६) ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मात्र मोफत, चोवीस तास, मराठीतही. पण दर वेळी तीच व्यक्ती भेटेल असं धरून चालू नका.

सुरुवातीच्या भेटी असतील आणि खोली मिळत असेल, तर व्हिडिओ. ओळख झाल्यावर, किंवा घर भरलेलं असेल तर फोन. जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. लगेच १४४१६ लावा, घरच्या कुणाला सोबत घेऊन रुग्णालय गाठा.