किमतीच्या स्टिकरखाली लपवलेली तारीख: टोकियोत साके घेताना झालेली फसवणूक

जपानला फिरायला येणारी मराठी मंडळी हल्ली परतताना साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी मद्याची, एखादी बाटली आवर्जून नेतात. टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या आमच्याकडे दर सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं, "कुठली घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला माझ्याबाबत जे घडलं ते सांगायचं आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही. हीच युक्ती कुठेही, कुणावरही चालू शकते, म्हणून ती ओळखता येणं महत्त्वाचं.

२०२४ च्या दिवाळीला मी पुण्याला निघाले होते. दादाला व्हिस्कीची चांगली पारख आहे, पण साके त्याने कधी चाखली नव्हती. "एकच आण, पण अस्सल आण," एवढंच त्याचं म्हणणं होतं. टोकियोत पर्यटकांनी गजबजलेल्या एका रस्त्यावर काचेची उंच कपाटं आणि झगझगीत दिवे असलेलं दुकान होतं. आतला माणूस अस्खलित इंग्रजी बोलणारा, अतिशय अदबशीर. भेट म्हणून न्यायची आहे म्हटल्यावर त्याने वरच्या फळीवरून लाकडी खोक्यातली ७२० मिलीची बाटली काढली. तो सांगू लागला: ही 'जुनमाइ दाइगिंजो' आहे, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. अशा मोजक्याच बाटल्या निघतात, दुसरीकडे मिळायची नाही. व्हिस्कीसारखीच मुरते, जितकी ठेवाल तितकी खुलते. विमानातून न्या, महिना-दोन महिने बाहेर ठेवा, काही होत नाही.

मी तारीख विचारली. "या दर्जाच्या साकेवर तारीख नसते," असं त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मागच्या लेबलवर सोनेरी कडेचा भलामोठा किमतीचा स्टिकर होता: २५,००० येन. आपल्या पैशांत चौदा हजारांच्या घरात. पावतीवर मात्र नुसतं 'खाद्यपदार्थ' असं छापून आलं.

पुण्यात लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दादाने मित्रांना बोलावलं, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि थोड्या वेळाने तो स्टिकर भिजून आपोआप सुटला. त्याखाली जपानीत दोन ओळी होत्या आणि त्यांच्यापुढे आकडे, ४.३. "अगं, चार मार्चची आहे, म्हणजे ताजीच की," दादा म्हणाला. ओतली तर रंग पिवळट, किंचित गढूळ. वास मुरलेल्या मुळ्याच्या लोणच्यासारखा. घोट घेऊन सगळे गप्प झाले. मग एक मित्र सौजन्याने म्हणाला, "साके अशीच लागत असेल." पैसे गेल्याचं दुःख एकदाच झालं. पण या वाक्याने मी अजूनही अस्वस्थ होते. त्या खोलीतल्या चौघांनी आयुष्यात पहिल्यांदा साके चाखली होती, आणि ती खरी कशी लागते हे त्यांना त्या रात्री कळलंच नाही.

परत आल्यावर लेबलचा फोटो ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना दाखवला. त्या नीगाताच्या, साकेच्याच मुलखातल्या. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच सांगितलं की हे ४ मार्च नव्हे. जपानी बाटल्यांवर पुष्कळदा तिथल्या राजशकाचं वर्ष असतं. सध्याचं शक रेइवा, ते २०१९ मध्ये सुरू झालं. म्हणजे ४.३ हे रेइवा ४ मधला तिसरा महिना, मार्च २०२२. बाटली अडीच वर्षं जुनी होती. रेइवाच्या वर्षात २०१८ मिळवले की आपलं इसवी सन मिळतं, एवढं गणित लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरी ओळ त्याहून गंभीर होती. त्यावर 'नामाझाके' आणि 'योरेइझो' लिहिलं होतं. पहिल्याचा अर्थ न तापवलेली, कच्ची साके, आणि दुसऱ्याचा अर्थ फ्रिजमध्येच ठेवा. नेमक्या याच दोन सूचना आणि तारीख त्या स्टिकरने झाकली होती. लेबलवर बाकी सगळी जागा मोकळी असताना स्टिकर तिथेच चिकटला, हा योगायोग मी मानायला तयार नाही.

यामागचं कारण समजून घ्यायचं तर साके होते कशी हे थोडं सांगायला हवं. तांदळाचा दाणा बाहेरून घासून वाफवतात. त्यातल्या काही भातावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवतात. ही बुरशी भातातल्या पिठाची साखर करते आणि त्याच हौदात यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. दोन्ही कामं एकाच वेळी शेजारी शेजारी चालतात, हीच साकेची खासियत. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात ती आधी तयार करावी लागते. शेवटी गाळून घेतलेल्या साकेत मद्य साधारण १५-१६ टक्के असतं, व्हिस्कीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या मद्यात ती स्वतःच्या बळावर टिकत नाही. म्हणून बहुतेक साके दोनदा साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवतात. याला 'हिइरे' म्हणतात. नामाझाके एकदाही तापवत नाहीत. त्यामुळे तिची चव विलक्षण ताजी, फळासारखी लागते. पण कोजीची पाचकद्रव्यं तिच्यात जिवंत राहतात आणि उबेत आपलं काम करतच राहतात. तिला दुधासारखी सांभाळावी लागते. शिवाय साकेला प्रकाशही सोसत नाही, म्हणून बाटल्या तपकिरी किंवा हिरव्या असतात, काही तर वर्तमानपत्रात गुंडाळून विकतात. त्या दुकानातली झगमगती कपाटं बघायला सुंदर होती. साकेसाठी त्याहून वाईट जागा नसेल.

आता त्या माणसाच्या बोलण्यातलं खरं किती ते पाहू, कारण त्याने निव्वळ थापा मारल्या नव्हत्या. फसवणारे अर्धसत्य वापरतात, म्हणूनच नवखा माणूस गाफील राहतो.

जुनमाइ दाइगिंजो हा वरचा दर्जा खरा. 'जुनमाइ' म्हणजे तांदूळ, कोजी आणि पाणी सोडून बाहेरचं काही न घातलेली. 'गिंजो' म्हणण्यासाठी तांदूळ घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी उरायला हवा, आणि 'दाइगिंजो'साठी ५० टक्के किंवा कमी. रोजच्या भाताचा तांदूळ साधारण ९० टक्के उरतो, म्हणजे दाइगिंजोला निम्मा दाणा कोंड्यात जातो. पण हे शब्द फक्त बनवण्याची पद्धत सांगतात. बाटली कुठे, किती दिवस, किती उन्हात पडली याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. आणि नाव वरचं म्हणून किंमत वाटेल तेवढी असंही नाही. चांगल्या भट्टीची जुनमाइ ७२० मिलीला दीड-दोन हजार येनला मिळते, दाइगिंजो बऱ्याचदा तीन ते पाच हजारांत. माझी बाटली ज्या भट्टीची होती त्यांचा भाव नंतर पाहिला: ४,४०० येन. जाताजाता आणखी एक सांगते. लेबलवर 'जुनमाइ' नसेल तर साके भेसळीची असते, असं काही विक्रेते सांगतात. तेही चूक आहे. नुसत्या 'गिंजो'मध्ये किंवा 'होनजोझो' या प्रकारात नियमाने ठरवलेलं थोडं मद्य सुगंधासाठी मिसळतात. ती उघड आणि जुनी पद्धत आहे, आणि गरम करून प्यायला होनजोझो मला स्वतःला फार आवडते.

"दुसरीकडे मिळायची नाही" यातही थोडं तथ्य असतं. नावाजलेल्या कितीतरी भट्ट्या आपली साके फक्त ठरावीक करारबद्ध दुकानांनाच देतात. त्यांना 'तोकुयाकुतेन' म्हणतात. ही दुकानं ती थंड ठेवतात आणि भट्टीने ठरवलेल्या भावाने विकतात. तिथून कुणीतरी बाटल्या उचलतो आणि त्या कुठल्याशा चमचमत्या कपाटात चार-पाच पट किमतीने उभ्या राहतात. यामागाता प्रांतातल्या 'जूयोंदाइ' या साकेचं हे नेहमीचंच झालं आहे. यामागुची प्रांतात 'दास्साइ' ही साके बनवणाऱ्यांना तर हे इतकं सहन होईना की डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी योमिउरी शिंबुन या वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि लोकांना विनंती केली: कृपा करून आमची साके चढ्या भावाने घेऊ नका. सोबत योग्य किंमत आणि आपल्या दुकानांची यादीही छापली. आपल्याच मालाला जास्त पैसे देऊ नका म्हणून पदरचे पैसे खर्चून सांगणारा उत्पादक मी दुसरा पाहिलेला नाही. जास्त पैसे मोजून गिऱ्हाइकाला जास्त चांगली साके मिळत नाही. उलट मधल्या हातांत ती किती तापली याचा पत्ताच लागत नाही.

मुरण्याचं म्हणाल तर 'कोशू' नावाची मुरवलेली साके असतेच. गिफूची दारुमा मासामुने त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिचा रंग मधासारखा गडद होतो, चवीत सुका मेवा आणि सोया सॉसचा भास असतो. पण ती भट्टीतच, ठरवून, वर्षानुवर्षं जपलेली असते आणि लेबलवर तसं अभिमानाने लिहिलेलं असतं. नेहमीची साके मात्र बाजारात येते ती प्यायला तयार होऊनच. तापवलेली असेल तर थंड, अंधाऱ्या जागी वर्षभरात संपवावी. कच्ची असेल तर फ्रिजमध्ये ठेवून काही महिन्यांत.

तारखेचंही तसंच. साकेवर उत्पादनाचा महिना छापणं पूर्वी सक्तीचं होतं. जानेवारी २०२३ पासून ते ऐच्छिक झालं, त्यामुळे आज काही बाटल्यांवर तारीख नसते हे खरं आहे. पण दर्जाशी त्याचा संबंध नाही, आणि माझ्या बाटलीवर ती होती. त्या माणसाला ती वाचता येत होती.

तक्रार केली. दुकानदार म्हणाला बाटली उघडलेली आहे, परत घेत नाही. मग १८८ या ग्राहक मदतक्रमांकावर फोन केला. तिथून आपल्या भागातल्या ग्राहक केंद्राशी जोडून देतात. केंद्रातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कायद्याची बाजू समजावली. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला 'कूलिंग ऑफ', म्हणजे ठरावीक दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याची सोय, लागू होत नाही, आणि महाग विकणं हा गुन्हा नाही. महत्त्वाच्या गोष्टीबाबत खोटं सांगून विकलं असेल तर व्यवहार रद्द करता येतो, पण ते सिद्ध करावं लागतं. माझ्याकडे सुटलेल्या स्टिकरचे फोटो होते. त्याचं तोंडी बोलणं मात्र हवेत गेलं होतं, आणि पावतीवर साकेचं नावच नव्हतं. केंद्राने दुकानाला फोन केल्यावर त्यांनी चूक कबूल न करता निम्मे पैसे परत केले. निम्मे तरी मिळाले ते त्या फोटोंमुळे. म्हणून सांगते, पावतीवर साकेचं पूर्ण नाव लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी बाटलीचं पुढचं-मागचं लेबल दुकानातच मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. लेबल झाकणारा स्टिकर असेल तर काढून दाखवायला सांगा. प्रामाणिक दुकानदार काढतो. मी नंतर तीन-चार ठिकाणी मुद्दाम विचारून पाहिलं, कुणाच्याही कपाळाला आठी पडली नाही.

घ्यायची कुठे? मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातला साके विभाग, किंवा निव्वळ साकेचंच दुकान, जिथे फ्रिजनी भिंत भरलेली असते. आणि घेण्याआधी चाखा. टोकियोत तोरानोमोनजवळ 'निहोन नो साके जोहोकान' नावाचं माहिती केंद्र आहे, तिथे छोट्या पेल्यातून देशभरची साके अगदी माफक पैशांत मिळते. नीगाता किंवा एचिगो-युझावा स्टेशनवरच्या 'पोनशुकान'मध्ये नाणी टाकून त्या प्रांतातल्या भट्ट्यांची साके यंत्रातून घेता येते, शेजारी मीठही ठेवलेलं असतं. अशा ठिकाणी तासभर घालवलात की फळाच्या वासाची गिंजो आवडते की भाताची भरीव चव असलेली जुनमाइ, हे तुमचं तुम्हालाच कळतं आणि कुणाच्या गोड इंग्रजीवर विसंबावं लागत नाही. फक्त जपानात पिण्याचं कायदेशीर वय २० आहे हे लक्षात असू द्या.

नामाझाके जपानातच प्या, ती खरोखर सुंदर असते. भारतात नेण्यासाठी दोनदा तापवलेलीच मागा. दुकानात 'हिइरे' म्हटलं की समजतात. भारतात माणशी २ लिटर मद्य करमुक्त आणता येतं, त्यात ७२० मिलीच्या दोन बाटल्या सहज बसतात. चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या आणि घरी पोचल्यावर उजेडापासून दूर ठेवा. उघडलीत की राहिलेली फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. दादासाठी पुढच्या वेळी मी अशीच एक साधी जुनमाइ नेली, १,८०० येनची. त्याच मित्रांना त्याने पुन्हा बोलावलं होतं.