पियानोची किरकोळ कामं: ट्यूनिंगच्या भेटीतच, की वेगळ्या फेरीत?

ट्यूनिंगला गेल्यावर दिसलेली लहानसहान कामं तिथल्या तिथे उरकायची, की यादी करून देऊन त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठरवायची? या कामात नव्याने आलेल्यांना हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही करून पाहिलंय. पहिली पाच-सहा वर्षं वेगळी फेरी, आणि त्यानंतर आजतागायत त्याच भेटीत.

वेगळ्या फेरीची बाजू लेचीपेची नाही. पियानोत साधारण २३० तारा. मधल्या आणि वरच्या सुरांना प्रत्येकी तीन, आणि त्या तिन्ही एकजीव होईपर्यंत कान दुसरीकडे वळवून चालत नाही. मध्येच पेडल बघ, मध्येच वाजवायची पट्टी काढ, असं केलं की लय तुटते. आतली धूळ काढणाऱ्या व्हॅक्यूमच्या आवाजानंतर तारांमधले बारीक ठोके, म्हणजे दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात येणारी थरथर, ऐकू यायला मला तरी थोडा वेळ लागतो. शिवाय जुन्या पियानोत सरस सुकून कडक झालेला असतो, चामडं विटलेलं असतं. एक काम करायला जावं आणि दुसराच तुकडा हातात यावा, असं होतं. वेगळ्या फेरीला सुटे भाग बरोबर असतात, हातात वेळ असतो. ज्यांचा भर दुरुस्तीवरच आहे त्यांना हीच पद्धत सोयीची वाटेल, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

माझं मन फिरवलं ते ट्यूनिंगनंतर दोन-चार दिवसांनी येणाऱ्या फोनने. ‘अहो, ट्यूनिंग बिघडलंय.’ जाऊन बघावं तर सूर जागच्या जागी. एखादी पट्टी दाबली की खालीच राहतेय, नाहीतर पेडल करकरतंय. वाजवणाऱ्याला तारेचा दोष वेगळा आणि फेल्टचा, म्हणजे आत जागोजागी लावलेल्या दाबलेल्या लोकरीचा, वेगळा असं का दिसावं? त्याने पियानो नीट करायला बोलावलेलं असतं. आपण आलो, दीड तास बसलो, पैसे घेतले, आणि पियानो अजून त्रास देतोय, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

एका घरी मुलगी परीक्षेची तयारी करत होती. मधल्या सी-वरची एफ जड उठतेय हे मला पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं. यादीत लिहून दिलं आणि निघालो. चौथ्या दिवशी फोन. गेलो, पट्ट्यांपुढची फळी उतरवली, ती पट्टी तिला सरळ धरणाऱ्या खालच्या पिनेवरून उचलली. पुढच्या पिनेच्या खाचेतलं फेल्ट दमट हवेने फुगून पिनेला धरून बसलं होतं. खाचेतलं हे फेल्ट म्हणजे बुशिंग; त्यासाठीच्या पक्कडीने दोन्ही बाजूंना हलकासा दाब दिला आणि पट्टी परत बसवली. दाबून सोडली तर लगेच वर आली. तीन मिनिटांचं काम! त्यासाठी माझी सकाळ गेली आणि त्या मुलीचे चार दिवस. पैसे मागावेत तर संकोच, न मागावेत तर तोटा. असे फोन एका पावसाळ्यात इतके आले की मी पद्धतच बदलली.

आता भेटीची पहिली वीस मिनिटं या कामांची. ट्यूनिंगच्या आधीच, नंतर नाही. सगळ्या ८८ पट्ट्या एकदा खालपासून वरपर्यंत वाजवून बघतो. अडकणारी पट्टी मोकळी करतो, पट्ट्यांखाली पडलेली पेन्सिल, नाणं काढतो, ॲक्शनचे, म्हणजे पट्टीपासून तारेवर पडणाऱ्या हातोडीपर्यंतच्या यंत्रणेचे, सैल स्क्रू आवळतो. पेडलची करकर बहुधा खालच्या सांध्यात असते. तिथे ग्रॅफाइट पुरतं, पातळ तेल नको. ते तारा गुंडाळलेल्या ट्यूनिंग पिनांना लागलं तर पिनांची पकडच जाते. उभ्या पियानोत पट्टी दाबताना सुरुवातीला पोकळ लागत असेल तर कॅपस्टन, म्हणजे पट्टीच्या मागच्या टोकावरचा ॲक्शनला उचलणारा स्क्रू, किंचित वर घेतो. फार वर घेतला तर जॅक, म्हणजे हातोडीला ढकलणारा तुकडा, परत जागेवर येत नाही आणि सूर लागोपाठ वाजत नाही, म्हणून इथे घाई करू नये. पूर्ण रेग्युलेशन (सगळ्या यंत्रणेची मापं जुळवणं), हॅमर म्हणजे हातोड्या घासणं, व्हॉइसिंग (हातोडीचं फेल्ट मऊ-कडक करून आवाजाचा पोत जुळवणं) यांना मात्र मी या वीस मिनिटांत हात लावत नाही. त्यांना वेगळाच दिवस लागतो.

या पद्धतीचा एक त्रास आहे. अवजारं बाहेर दिसली की ‘आलाच आहात तर एवढंही बघा ना’ सुरू होतं. म्हणून वेळ ठरवतानाच फोनवर सांगून ठेवतो की वीस मिनिटांत बसेल तेवढं ट्यूनिंगच्या पैशांतच, त्यापुढचं वेगळं. तेवढ्यासाठी दर थोडा वाढवला, त्यावर अजून कुणी घासाघीस केलेली नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. काही जण ही कामं गुपचूप, फुकट करून देतात. मला ते पटत नाही. पेडल का करकरत होतं हे घरच्यांना कळलंच नाही, तर पुढच्या वेळी तेच तिथे तेल सोडतात.

कार्यक्रमाआधी सभागृहात जेमतेम दोन तास मिळतात, तेव्हा मीही आधी ट्यूनिंगच करतो आणि बाकीचं दुसऱ्या दिवसावर टाकतो. तिथेसुद्धा अडकणारी पट्टी मात्र आधी मोकळी करतो.